इंजनाले गोडं पाणी

दौलत मिस्त्री इंजन बंद केलं की त्याच्या अंगावर उजव्या हाताचा तळवा ठेवायचा. ठेवायचा आन् लगेच उचलायचा. मंग बांधावर जाऊन बसायचा. थोड्या वेळानं उठून पुन्हा ठेवायचा. असं तीनदा, कधी चारदा. तळवा टेकवून मनातल्या मनात शंभर मोजता आले की मंगच म्हणायचा, "आता द्या पाणी." तोवर कोणी कितीही घाई केली तरी हा माणूस जागचा हलायचा नाही.

ही सत्तर सालाच्या पुढची चार-पाच वर्षं. आमचं गाव रिठदच्या अलीकडं. आम्ही माळी, भाजीपाला करणारी माणसं. गावात तेव्हा चारच इंजनं होती, त्यातलं एक आमचं, म्हणजे माझं आन् माझ्या मोठ्या भावाचं. मोठ्या भावाला सगळं गाव दादा म्हणायचं, मीही दादाच म्हणायचो. आमच्या मळ्यात दोन विहिरी. वरची गोडी, तिला पाणी घरच्या घागरीपुरतंच. खालची खारी. तिला पाणी दांडगं, पण तोंडात धरवायचं नाही. वांगी, पालक, मेथी त्या पाण्यावर कशीबशी येत होती. इंजन ह्या खालच्या विहिरीवर बसवलेलं. विहिरीतून पाणी ओढायचं आन् त्यातलंच थोडं एका बारीक नळीनं इंजनाच्या पोटातून फिरवायचं, म्हणजे इंजन तापत नाही. विकणाऱ्यानं एवढं सांगितलं होतं. पोटातून फिरणारं पाणी खारं असलं तर काय होते, ते त्यानं सांगितलं नाही आन् आम्ही विचारलं नाही.

एक साल बरं चाललं. मंग इंजन तापायला लागलं, धापा टाकायला लागलं. दादा म्हणाला, "बौद्धवाड्यात तो मुंबईहून आलेला हाये ना, दौलत, त्याले बलाव."

दौलत मुंबईला बंदरात एका लाँचवर इंजनाच्या कामाला होता. म्हातारी आई एकटी पडली म्हणून नोकरी सोडून आला. माणूस उंच, काळा, वाळक्या अंगाचा. खाकी हाफपँट, वर पांढरी बंडी, आन् खांद्याला पट्ट्यानं लटकवलेली एक ॲल्युमिनची पाण्याची बाटली. बाटलीला वरून खाकी कापड शिवलेलं. आला, इंजनाकडं पाहिलं नाही. आधी विहिरीच्या पाटातलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आन् थुंकला.

"भाऊ, हे तं समिंदराच्या नात्यातलं हाये."

मंग त्यानं इंजनाचं हेड खोललं. आतून एका चपट्या लोखंडी पट्टीनं खरवडून पांढऱ्या-तांबड्या खपल्या काढल्या आन् तळव्यावर घेऊन आमच्या समोर धरल्या. "वांगे काय लावता? मीठच पिकलं की तुमच्या इंजनात."

दादा हसला. दादा सहसा हसायचा नाही.

तेव्हापासून ठरलं. रोज दिवस कलायला लागला की दौलत चारही इंजनांवर फेरी मारायचा. ज्याच्या पोटातून खारं पाणी गेलं त्याला गोड्या पाण्यानं धुवायचं. वर्षाकाठी प्रत्येक घरची ज्वारी. लाँचवर म्हणे सांजच्याला किनारी लागले की इंजनाला गोड्या पाण्याचा पाइप लावून धा मिनिटं तसंच चालवत, म्हणजे समुद्राचं पाणी सगळं बाहेर निघून जायचं. आमच्याकडं एवढं गोडं पाणी कुठलं? म्हणून त्यानं आपली रीत काढली. इंजन बंद करायचं, खालची तोटी खोलून पोटातलं खारं पाणी काढायचं, इंजन थंड होऊ द्यायचं आन् मंग वरून नरसाळ्यानं दोन घागरी गोडं पाणी दमादमानं सोडायचं. नरसाळं त्याचं स्वतःचं, तांब्याचं, लाँचवरून आणलेलं. इंजन नवं असो का जुनं, तो त्याला म्हातारी म्हणायचा. "दिवसभर खारं पेली म्हातारी, निजताना तरी गोडं द्या तिले." हे रोजचं बोलणं.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला बरं वाटत नाही. ते दोन घागरी पाणी दौलत वरच्या विहिरीवरून स्वतः आणत नव्हता. माझी घरची, गिरजा, आणायची आन् त्याच्या नरसाळ्यात वरून ओतायची. तो आमच्या इंजनाचं पोट खोलायचा, त्यातला एकएक नट त्याच्या हातातून जायचा, पण गोड्या विहिरीच्या दोराला त्याचा हात लागला नाही. असं कर म्हणून कोणी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडत नव्हती, इतकं ते सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. तो गिरजाला म्हणायचा, "वहिनी, इंजनाले पाणी द्या." इंजनाले. त्याच्या तोंडून दुसऱ्या कोणासाठी पाण्याची मागणी मी कधी ऐकली नाही.

एकदा उन्हाळ्यात इंजनाचा पट्टा बदलायचं काम निघालं. सकाळपासून लागला. दुपारी त्याच्या बाटलीचं बूच निघालं आन् सगळं पाणी मातीत गेलं. त्यानं बाटली उचलली, हलवून पाहिली, खांद्याला लावली आन् पुन्हा पाना हातात घेतला. ऊन असं, की लोखंडाला हात लावता येत नव्हता. गिरजा जेवण घेऊन आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, मिस्त्रीले पाणी देऊ का? त्याचे ओठ पाहा कसे झाले."

मी म्हणालो, "त्यानं मागितलं का?"

"नाही."

"मंग?"

सांजेपर्यंत तो तसाच राहिला. सांजेला इंजन धुवायच्या वेळेस त्याच विहिरीचं पाणी तिनं नरसाळ्यात ओतलं आन् तो नरसाळं धरून उभा होता. थेंब सांडू दिला नाही.

माणूस घुम्मा नव्हता. उलट बोलायला गोड. सांजेला इंजन थंड होईस्तोवर चार माणसं बांधावर जमायची, ती त्याच्या गोष्टी ऐकायलाच. आमच्या गावात समुद्र पाहिलेला तो एकटा.

"मिस्त्री, केवढा असते रे समिंदर?"

"काठावर उभे राहा, पल्याडचा काठ दिसत नाही."

"आन् सगळंच खारं?"

"सगळंच. तुमच्या इहिरीची मोठी बहीण."

"मंग तुमी पेत काय होते बे?"

"लाँचवर गोड्या पाण्याचा पिंप राहे. किनारी आलो का आधी इंजनाले द्याचं, मंग माणसाइनं प्याचं. साहेब असो का खलाशी. एकच पिंप, एकच पेला."

हे तो साध्या आवाजात म्हणाला. टोमणा मारायचा म्हणून नाही. पण दादानं खाकरून घसा साफ केला आन् म्हणाला, "उठा, वांगे तोडा लागतात." दौलत उठला, तळवा इंजनावर ठेवला, मोजले शंभर आन् म्हणाला, "वहिनी, इंजनाले पाणी द्या."

आता माझं सांगतो. मी चार बुकं शिकलो. पण हातातलं काम कोणी मला शिकवलेलं मला चालत नाही. आजही चालत नाही. नातू मोबाइल दाखवायला येतो, त्याला मी म्हणतो, ठेव तिथं, मी पाहून घेतो.

त्या साली माझे दोघं साळे शेलूबाजारहून आले. त्यांना इंजन घ्यायचं होतं, म्हणून आमचं पाहायला. मी त्यांना मळ्यात नेलं. पाणी कसं पडते ते दाखवलं. सांज होत आली होती. दौलत येऊन बसला होता. मी रुबाबात इंजन बंद केलं, खालची तोटी खोलली, खारं पाणी वाफेसकट बाहेर पडलं. साळ्यांना म्हणालो, "आता पाहा, आमी याले कसं धुतो." आन् गिरजाच्या हातची घागर घ्यायला पुढं झालो.

दौलतनं माझा हात धरला. म्हणजे धरला नाही, मधी आपला हात आडवा केला.

"थांबा, भाऊ. तापलेली हाये म्हातारी."

"थोडं तं ओतून राह्यलो."

"थोडंबी नाही. थंड पाणी गेलं का फुटन ते." मंग हसून साळ्यांकडं पाहत म्हणाला, "आमच्या भाऊत सगळं हाये, एक सबुरी नाही. इंजन घरी आलं, पण भाऊले अजून समजलं नाही."

साळे हसले. धाकटा तर मांडीवर थाप मारून हसला. "जावईबापू, मिस्त्रीनं तं तुमचं पोट खोललं की."

मीही हसलो. पण रात्री जेवण गेलं नाही. माझ्या मळ्यात, माझ्या इंजनावर, माझ्या बायकोच्या भावांसमोर बौद्धवाड्यातला माणूस मला सांगतो की तुले समजत नाही. असंच माझ्या मनात आलं. याच शब्दांत आलं. आज हे लिहिताना वाटते की दुसरे शब्द लिहावे, पण मनात आले होते ते हेच.

दुसऱ्या दिवशी साळे घरीच होते. मी दुपार कलल्याबरोबर गिरजाला म्हणालो, "घागर आण."

"मिस्त्री आले नाही अजून."

"मिस्त्री आला का म्हणून इचारलं का मी?"

मी इंजन बंद केलं, तोटी खोलली, पाणी काढलं. तळवा ठेवून पाहिला नाही. नरसाळं दौलत फेरी संपली की आमच्याकडंच खुंटीला लटकवून ठेवायचा. ते लावलं. गिरजा म्हणाली, "अहो, हात ठेवून पाहा ना एकदा." मी तिच्या हातून घागर घेतली आन् अख्खी ओतली, भडाभडा.

आवाज लहानच झाला. बांगडी पिचते तसा. मंग वाफेचा एक लोट वर आला आन् इंजनाच्या कुशीतून पाणी झिरपायला लागलं. ब्लॉकला, इंजनाच्या लोखंडी धडालाच, एक बारीक रेघ गेली होती. वीतभर असेल.

मी रिकामी घागर गिरजाच्या हातात दिली. तिनं ती कमरेवर घेतली आन् तशीच उभी राहिली. तेवढ्यात बांधावरून दौलत आला. वाफ पाहून पळत आला. काही न विचारता तळवा इंजनावर ठेवला आन् भाजल्यासारखा उचलला. मंग रेघ पाहिली. मंग माझ्याकडं पाहिलं.

आन् त्याच वेळेस वरच्या अंगानं दादा आला. मागं दोघं साळे. दादानं वाफ पाहिली, वाहणारं पाणी पाहिलं, इंजनाजवळ उभा दौलत पाहिला.

"कोणं ओतलं?"

मी बोललो, "मिस्त्रीनं."

एवढंच. एक शब्द. विचार करून बोललो असंही नाही. साळे पाहत होते आन् तो शब्द तोंडातून निघून गेला. पण निघाल्यावर मी तो परत घेतला नाही, हेही खरं.

दौलत घाबरला नाही, रागावलाही नाही. दादाला म्हणाला, "दादा, मी आत्ता आलो. इंजनावर हात ठेवून पाहा. अजून ठेववत नाही एवढं तापलं हाये. एवढ्या तापल्या इंजनाले मी पाणी देईन का? चार साल झाले, तुमी पाहून राह्यले."

"मी कायले हात ठेवू?" दादा म्हणाला. "माहा भाऊ सांगून राह्यला ना."

"ठेवून तं पाहा."

"तू माह्या भावाले खोटं पाडतं का?"

तिथं सगळ्यांना माहीत होतं. दादालाही. ज्या माणसानं कधी शंभर मोजल्याशिवाय पाणी दिलं नाही, त्यानं आज दिलं नसणार, हे समजायला काही शिक्षण लागत नाही. एक हात पुढं करायचा होता. कोणीच केला नाही. दौलतनं गिरजाच्या कमरेवरच्या घागरीकडं पाहिलं. गिरजानं माझ्याकडं पाहिलं. मी पाटातल्या पाण्याकडं पाहत होतो.

मंग दौलत म्हणाला, "बरं." नरसाळं इंजनात तसंच होतं. ते त्यानं काढलं, हातानं पुसलं, खुंटीला लटकवलं. "हे राहू द्या. इंजनाचं हाये." आन् बांधावरून निघून गेला. बाटली त्याच्या कमरेवर आपटत होती तिचा आवाज बराच दूर जाईस्तोवर येत होता.

दुसऱ्या दिवशी भाकर वाढताना गिरजा म्हणाली, "घागर माह्या हातची होती. दादानं मले इचारलं असतं तं मी सांगितलं असतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"मले कोण इचारते?"

पुढं जे व्हायचं ते झालं. दौलत मिस्त्रीनं माळ्यांचं इंजन फोडलं, हे गावात फिरलं, रिठदला गेलं, आणखी पुढं गेलं. इंजन ही तेव्हा लाखातली चीज, तिला हात लावणारा माणूस भरवशाचा पाहिजे. बाकीच्या तीन घरांनी त्याची फेरी बंद केली. नवा कोणी बोलवेना. ज्या हाताच्या भरवशावर तो मुंबईहून आला होता, त्याच हाताचं नाव गेलं. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागला. त्याच कामावर त्याची आईही जायची म्हणतात. मी पाहिली नाही. पाहायला गेलो नाही.

एकदा गेलो होतो. खोटं कायला सांगू? एका सकाळी मनाशी ठरवलं, जायचं, सांगायचं की दौलत, माहं चुकलं, चाल दादाकडं, मी सांगतो. बौद्धवाड्याच्या कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत गेलो. लिंबाखाली तीन-चार माणसं बसली होती. एकानं विचारलं, "काय भाऊ, इकडं कुठी?" मी म्हणालो, "बैल सुटला, तो पाहून राह्यलो." आन् परत आलो. आमच्याकडं तेव्हा बैलच नव्हता. त्या माणसाला ते माहीत होतं.

इंजनाचा ब्लॉक अकोल्याहून आणला. तिथला मिस्त्री आला, बसवून गेला. त्याला धुण्याचं काही माहीत नव्हतं आन् गिरजानं घागर आणणं सोडलं. म्हणायची, "तुमी ओता. मले त्याचा आवाज येते." मी ओतलं नाही. तांब्याच्या नरसाळ्यातून आम्ही कंदिलात घासलेट ओतायला लागलो.

दौलतला मी शेवटचं पाहिलं ते मेडशीला.

मी अकोल्याहून वांग्याचं बियाणं घेऊन वाशीमच्या बसनं येत होतो. मेडशीच्या स्टँडवर गाडीनं धूर धरला. धूर नाही, वाफ. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, बोनट उघडलं, बादली घेऊन आला. मी खिडकीशी बसलो होतो. स्टँडवर एक म्हातारी गाठोड्यावर बसली होती. तिच्याजवळचा माणूस उठून गाडीजवळ आला. खांद्याला बाटली होती, तिच्यामुळं ओळखला. माझ्या मागचा माणूस म्हणाला, याची बहीण इथं दिली हाये, आईले घेऊन पुन्हा मुंबईले चालला म्हणते.

ड्रायव्हर रेडिएटरच्या झाकणाला हात घालत होता. दौलत म्हणाला, "साहेब, आत्ता नका खोलू. पाणीबी नका टाकू."

"तू कोण रे? मले शिकवतं का?"

"शिकवत नाही. हात ठेवून पाहा."

ड्रायव्हरनं त्याच्याकडं पाहिलं. मंग बोनटच्या आत हात घालून तळवा टेकवला आन् "अय माय!" करून ओढून घेतला. हात झटकत हसायला लागला. "बरोबर बोलून राह्यला गड्या. आज भाजलो असतो मी."

बस्स. एवढंच करायला लागत होतं. एका अनोळखी ड्रायव्हरनं भर स्टँडवर, पन्नास माणसांसमोर, एवढंच केलं.

दौलत थांबला. माणसं चहा प्यायला गेली. तो दर थोड्या वेळानं तळवा ठेवून पाहत होता. मला इतक्या दुरून त्याचे ओठ हलताना दिसले, शंभर मोजणारे. मंग फडकं धरून त्यानं झाकण खोललं, ड्रायव्हरला गाडी चालू करायला लावली आन् पाणी दमादमानं सोडलं. एकदम टाकलं नाही. काम झाल्यावर ड्रायव्हर हॉटेलातून पाण्याचा तांब्या घेऊन आला. अर्धा स्वतः प्याला आन् तोच तांब्या दौलतपुढं केला. "घे. ऊन लय हाये."

दौलतनं तांब्याकडं क्षणभर पाहिलं. मंग दोन्ही हातांत धरून सगळा प्याला. पाणी हनुवटीवरून बंडीवर सांडलं, ते त्यानं पुसलं नाही.

माणसं गाडीत चढायला लागली. तो खिडक्यांच्या कडेनं आईकडं परत चालला होता. माझ्या खिडकीपाशी आला आन् थांबला. मी मांडीवरच्या बियाण्याच्या पिशवीची गाठ सोडत होतो आन् बांधत होतो.

"भाऊ."

मी वर पाहिलं.

"म्हातारी बरी हाये?"

"हाये."

"धुता ना तिले?"

माझ्यासमोर तेव्हा दादा नव्हता. साळे नव्हते. गावातलं कोणी नव्हतं. उतरलो असतो तर गाडी थांबली असती, ड्रायव्हर त्याचं ऐकत होता. दोन वाक्यं लागली असती.

"धुतो," मी म्हणालो.

"थंड झाल्यावर?"

"हाव. हात ठेवून."

"बरं करता," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या खिडकीच्या काठावर टेकला होता, तो त्यानं काढला आन् आईचं गाठोडं उचलायला गेला.

बस हलली. खिडकीच्या पत्र्यावर त्याच्या ओल्या तळव्याचा ठसा होता, पाची बोटांसकट. त्याच्यावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही. ऊन कडक होतं. दोन वळणं झाली आन् तो वाळून गेला.